आख्खी पिशवी

माझे डोळे पिवळे झालेत हे मला घरातल्या कुणी सांगितलं नाही, गिऱ्हाइकानं सांगितलं. चार बंगल्याच्या बाजारात माझा ओटा आहे. तिथं नीलम मॅडम म्हणून एक जुनं गिऱ्हाईक येतं. दर बुधवारी येणार, प्रत्येक पापलेटाचा कल्ला उघडून बघणार, डोळा दाबून बघणार आणि मग भावावरून माझं डोकं खाणार. त्या दिवशी तिनं पापलेट उचललं, त्याचा डोळा बघितला, मग माझ्याकडे बघितलं, परत पापलेटाकडे बघितलं.

"शकू, मासा ताजा आहे गं," ती म्हणाली, "पण तुझं काही खरं नाही. आरशात बघितलंस का?"

"भाव पाडायची ही नवी आयडिया का मॅडम?"

"अगं, कावीळ झालीय तुला!"

आता हे काय ओरडून सांगायचं असतं? बर्फवाल्यापासून कोंबडीवाल्यापर्यंत सगळ्यांनी ऐकलं. मॅडमनं पापलेट परत बर्फावर ठेवलं, रुमालानं बोटं पुसली आणि शेजारच्या जयंतीच्या ओट्यावर गेली. जयंतीची पापलेटं आदल्या दिवशीची होती. तरी घेतली. भाव पण केला नाही बाईनं!

दसरा उलटला होता. ऊन कडक, बोंबील उदंड, दर्या मोकळा. ह्या दिवसांत आमच्या वेसाव्यात कुणाला आजारी पडायची सवड नसते. माझा नवरा चंदर होडीचा तांडेल, म्हणजे दर्यात सगळी होडी त्याच्या शब्दावर चालते. तो आणतो, मी विकते. मी बसले नाही तर त्यानं आणलेलं कोण खपवणार? म्हणून दुसऱ्या दिवशी मी चंदरचा काळा गॉगल लावून ओट्यावर बसले.

"काय गो, शूटिंगला चाललीस?" जयंतीनं लगेच हाणलं.

"हो, हिरोईन आजारी पडलीय, मला बोलावलंय," मी म्हटलं.

पण मान खाली घालून कोयत्यानं मासा कापायचा म्हणजे गॉगल घसरणारच. बांगडे साफ करताना तो सरळ पाटीत पडला. समोरची बाई माझ्या तोंडाकडे बघत राहिली. तिनं पिशवी मागे ओढली आणि म्हणाली, "राहू द्या, आज उपास आहे." उपास होता तर मासळीबाजारात कशाला आली? दुपारपर्यंत माझ्या ओट्यावर माशा आणि मी, दोघीच. जयंतीनं माझी अर्धी पाटी आपल्या ओट्यावर ओढून विकून दिली. तेव्हा मला रडू आलं. तिला दिसू नये म्हणून परत गॉगल लावला.

दुखणं तसं मला नवीन नव्हतं. उजव्या बरगडीखाली कळ यायची, पाठीपर्यंत जायची, लग्नाआधीपासूनच. गॅस म्हणायचं, ओवा चावायचा, सोडा प्यायचा. दोन दिवसांनी कळ जायची, आपण पण विसरायचो. ह्या खेपेला ती गेलीच नाही.

घरी आमची आय, म्हणजे सासू. मथुराबाय म्हटलं की वेसाव्यात कुणी पण घर दाखवेल. लग्नघरात घोळ, रावस, जिताडा असा मोठा मासा आला की तो कापायला आमच्या दारात येतो. कारण एकच, तिच्या हातून माशाचं पित्त फुटत नाही. पोट फाडायचं, दोन बोटं आत घालायची आणि ती हिरवी पिशवी देठासकट बाहेर. थेंब सांडत नाही. मी लग्न होऊन आल्यापासून तरी सांडलेला बघितला नव्हता. माझ्या हातून नवी असताना एकदा फुटलं होतं. आयनं तो आख्खा रावस मांजरींना टाकला आणि मला म्हणाली, "पित्त फुटलेला मासा ह्या घरात शिजत नाय." बोलली एवढंच, पण मी आठवडाभर मान वर केली नव्हती.

तर आयनं माझे डोळे बघितले आणि दुसऱ्या गावच्या एका बाबाकडे घेऊन गेली, कावीळ उतरवायला. त्यानं माझे हात चुन्याच्या पाण्यात चोळले. पाणी पिवळं झालं. आय खूष! मग त्यानं बारीक काड्यांची एक माळ डोक्यावर घातली. म्हणाला, माळ जशी खाली येईल तशी कावीळ उतरेल. माळ डोक्यावरून गळ्यात आली, गळ्यातून पोटावर आली. कावीळ होती तिथंच. वर मला मऊ भात, ताक आणि उसाचा रस. समोर चंदर बोंबलाचं कालवण ओरपतोय आणि मी ताकभात कालवतेय. त्यापेक्षा जेलमध्ये टाका म्हणावं.

अंगाला खाज अशी सुटली की हातांवर वळ उठले. लघवी काळ्या चहासारखी झाली. शी पांढरी, चुन्यासारखी. हे सांगायला लाज वाटत होती, म्हणून कुणाला सांगितलं नाही.

मग एक दिवस किनाऱ्यावरच्या बांबूंच्या वलांडीवर बोंबील सुकत घालत होतो. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि दोरीवर टाकायचे, सबंध किनारा भरून. वर सूर्य आग ओकतोय, बायका घामानं भिजल्यात आणि माझे दात वाजायला लागले. भर उन्हात थंडी! हातातले बोंबील सुटले. खाली वाळूत बसले ती उठताच येईना. आय धावत आली, कपाळाला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"चंदर, रिक्षा आण रं! हिचं अंग भाजतंय!"

मोठ्या हॉस्पिटलात मला लगेच भरती केलं. सलाईन लावलं, तापाची इंजेक्शनं चालू केली. आधी सोनोग्राफी झाली, मग बोगद्यासारख्या मशीनमध्ये घालून पोटाचा फोटो काढला. मग डॉक्टर आली. दर्शना पाटणकर तिचं नाव, पार्ल्याची, चष्मेवाली, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. तिनं माझ्या पलंगावरच बसून कागदावर चित्र काढलं.

"हे यकृत. इथं पित्त तयार होतं आणि ह्या बारीक नळीतून आतड्यात जातं. पेनाच्या रिफिलपेक्षा जरा जाड नळी. तुमची नळी जन्मापासूनच फुगलेली आहे. आता ती लिंबाएवढी पिशवी झालीय. त्यात पित्त साचून राहतं, खडे झालेत, जंतू झालेत. कावीळ त्याचीच."

"म्हणजे गॅस नाही?" चंदरनं विचारलं.

"गॅस नाही. आणि अशी पिशवी वर्षानुवर्षं पोटात राहिली की तिच्यात कॅन्सर होऊ शकतो."

चंदर हातातली पाण्याची बाटली उघडत होता, तो तसाच थांबला. मी विचारलं, "झालाय?"

"फोटोत तसं काही दिसत नाही. रक्तातला एक आकडा वाढलाय, पण तो नुसत्या काविळीनं पण वाढतो. नक्की सांगायचं तर पिशवी काढून तपासायला लागेल. ताप उतरला की ऑपरेशन करू. ही पिशवी, तिच्या बाजूचं पित्ताशय, सगळं काढायचं. आतड्याचा एक भाग वर आणून यकृताच्या नळीला जोडायचा. मोठं ऑपरेशन आहे, पण आम्ही करतो."

आय पायाशी उभी होती. ती आता म्हणाली, "पित्ताला हात लावायचा नाय."

आणि पदर खोचून वॉर्डाच्या बाहेर निघून गेली.

ताप उतरला, कळ कमी झाली, तशी घरात चर्चा सुरू. चंदर माझ्याकडे यायचा, मग आयकडे जायचा, मग माझ्याकडे. दर्यात वादळात होडी काढणारा माणूस, पण आईपुढं त्याचं सुकाणूच हलत नाही.

"आय म्हणते, बरं वाटतंय तर घरी नेऊ," तो म्हणाला.

"आणि तू काय म्हणतोस?"

"मी काय म्हणणार? एवढे मासे कापलेत तिनं. पित्त फुटलं की काय होतं ते तिला नाही कळणार तर कुणाला?"

"मी मासा आहे का रे?" मी ओरडले. बाजूच्या खाटेवरची बाई दचकून उठून बसली.

ओरडले खरी, पण खरं सांगू? मी पण घाबरले होते. मी पण रोज मासे कापते. पोटाच्या आत ती पिशवी केवढी नाजूक असते, नख लागलं तरी फुटते, ते मला ठाऊक आहे. पांढऱ्या मांसावर तो हिरवा डाग पसरताना मी बघितलाय. डोळे मिटले की तोच डाग माझ्या पोटात पसरताना दिसायचा. आणि डोळे उघडले की कॅन्सर. म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर आणि मधे मी सलाईनची बाटली घेऊन बसलेली.

शेवटी मीच चंदरला म्हटलं, "आयला डॉक्टरीणबाईसमोर बसव. जे काय विचारायचं ते तिला विचारू दे. मग बघू."

आय आली. नऊवारी घट्ट नेसलेली, केसात अबोलीची वेणी, जणू मासळीच्या लिलावाला निघालीय. खुर्चीवर बसली नाही. उभ्यानंच विचारलं, "डॉक्टरीणबाय, पित्त फुटलं तर?"

मला वाटलं, आता ही हसणार. पण डॉक्टर हसली नाही.

"थोडं सांडतंच, मावशी. नळी कापली की थेंब येणारच. पण मेलेल्या माशात सांडलं की ते तिथंच मुरतं. जिवंत माणसात आम्ही ते लगेच ओढून घेतो, मिठाच्या पाण्यानं आतून धुतो. माणूस कडू होत नाही."

आयनं ते ऐकून घेतलं, पण तिचं समाधान झालं नाही. "मग असं करा. थोडी कापा, थोडी ठेवा. साचलेलं जायला वाट करून द्या. बास झालं."

"पूर्वी तेच करायचे," डॉक्टर म्हणाली. "पिशवी आतच ठेवायची आणि आतड्याला जोडून द्यायची. कावीळ जायची, दुखणं जायचं, माणसं हसत घरी जायची. आणि पुष्कळ वर्षांनी त्याच राहिलेल्या पिशवीत कॅन्सर घेऊन परत यायची. म्हणून आता ठेवत नाहीत."

आय मग हळूच म्हणाली, "घोळीच्या पोटात आतड्याचा तुकडा राहिल्यावाणी."

"म्हणजे?"

"नवी पोर घाईत साफ करते ना, तेव्हा राहतो. वरून मासा झकास दिसतो. बर्फात ठेवा, कुणाला कळायचं नाय. आतनं तो तुकडा सडतो आणि मग आख्खा मासा जातो." ती माझ्याकडे वळली. "मी तुला काय शिकवलं गो?"

"चाचपून बघ, आख्खं काढ," मी म्हटलं.

आय टेबलाजवळ गेली. "हात दाखवा," ती डॉक्टरला म्हणाली.

डॉक्टरनं दोन्ही हात पुढं केले. आयनं ते उलटे केले, सुलटे केले, एकेक बोट दाबून बघितलं. गिऱ्हाईक कल्ला उघडून बघतं ना, तस्सं. मला लाजेनं मेल्यासारखं झालं.

"नखं कापलेली हायत. बोटं बारीक. थरथरतात काय?"

"नाही, मावशी."

"उपाशी कापता?"

"नाश्ता करून."

"बरं करता. उपाशी माणसाचा हात घसरतो." आयनं तिचे हात सोडले. "काढा. आख्खी काढा. थेंब सांडला तरी चालंल. पण अर्धी ठेवलीत तर माझ्याशी गाठ हाय."

"नाही ठेवणार," डॉक्टर म्हणाली, आणि आता मात्र हसली.

ऑपरेशनच्या दिवशी चंदर होडीवर गेला नाही. ऐन सीझनला तांडेल किनाऱ्यावर, गावानं तोंडात बोटं घातली. मला आत नेताना तो नुसता माझ्या पायाचा अंगठा धरून चालत होता. मी म्हटलं, "सोड रे, ढकलगाडी अडकेल." त्यानं दारापर्यंत सोडला नाही.

पुढचं मला जयंतीनं सांगितलं, ती तिथं होती. सकाळी आत नेलेली मी, दुपार कलली तरी बाहेर नाही. आय बाकावर मांडी घालून बसलेली, पाणी नाही, चहा नाही. मग दार उघडलं आणि डॉक्टर स्वतः आली, हातात स्टीलचा ट्रे. हॉस्पिटलात पोटातून काढलेलं नातेवाइकांना दाखवायची पद्धत आहे. ट्रेवरचं फडकं काढलं. चंदरनं एकदा बघितलं आणि भिंतीला पाठ लावून तिथंच खाली बसला. आमचा तांडेल!

आय मात्र पुढं झाली. नाकाला पदरसुद्धा लावला नाही. वाकून, मान तिरकी करून बघितलं.

"वरचा देठ कुठला?"

"हा. इथून यकृताच्या अगदी जवळून कापलंय."

"खालचा?"

"हा. आणि हे पित्ताशय, त्यालाच चिकटून."

आयनं परत एकदा नीट बघितलं. मग सरळ उभी राहिली आणि आख्ख्या कॉरिडॉरला ऐकू जाईल अशा, बाजारातल्या आवाजात म्हणाली, "आख्खी हाय! देठासकट हाय!" तिथं बसलेल्या लोकांना काही कळलं नाही, पण दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या म्हणे.

मी जागी झाले तेव्हा पोटावर हा एवढा टाका आणि कुशीतून एक नळी पिशवीत सोडलेली. त्या पिशवीत पित्त उतरलं तर आतला जोड गळतोय असं डॉक्टरनं सांगून ठेवलं होतं. झालं, आयला कामच मिळालं. येता-जाता वाकून त्या पिशवीचा रंग बघणार. सिस्टर वैतागल्या. "मावशी, आम्ही बघतोय ना!" "तुमी बघा, मी पण बघते." पहिल्यांदा लालसर पाणी होतं, मग फिकट, मग नुसतं पिवळसर स्वच्छ पाणी. हिरवं एकदाही नाही.

आणि मग एका सकाळी मी संडासातून भिंत धरत धरत बाहेर आले आणि दारातल्या आयला म्हटलं, "आय, पिवळी."

"काय पिवळी?"

"शी! पिवळी झाली! पांढरी नाही!"

आयनं तोंडावर हात ठेवला. मग तो काढला आणि वॉर्डात जाऊन एकेका खाटेला सांगत सुटली. "माझ्या सुनेला पिवळी झाली हो!" काय म्हणू ह्या बाईला? लाजेनं मी चादर डोक्यावर ओढली आणि आत हसत राहिले. हसलं की टाका दुखायचा. दुखू दे म्हटलं. आतड्यात पित्त पोचत होतं, म्हणजे जोड लागला होता. मी पोरीबाळींसारखी हसत होते.

घरी आले त्या दिवशी आधी आरसा घेतला. डोळे पांढरेस्वच्छ. नीलम मॅडमनं दाबून बघावेत असे. पण एक गोष्ट राहिली होती. ती पिशवी तपासायला गेली होती आणि तिचं उत्तर यायचं होतं. कुणी त्याबद्दल बोलत नव्हतं. चंदर फोन खिशात ठेवत नव्हता, हातातच घेऊन फिरत होता.

डॉक्टरनं मासळी खायला परवानगी दिली होती, तेल-तिखट कमी घालून. जयंती खाडीतला जिताडा घेऊन आली, चांगला हातभर लांब, अजून शेपूट हलवत होता. आय घरच्या ओट्यावर बसली, कोयता पायाखाली धरला, खवलं काढली, पोट फाडलं. दोन बोटं आत घातली आणि त्याच वेळी चंदरचा फोन वाजला.

त्यानं स्पीकर लावला. त्याआधी दोनदा भलतंच बटण दाबलं.

"डॉक्टर पाटणकर बोलतेय. शकू आहेत ना तिथं?"

"आहे," मी म्हटलं.

"ऐका. पिशवीच्या आतल्या बाजूला एका ठिकाणी पेशी बिघडायला लागल्या होत्या."

बाहेर कुणाच्या तरी होडीचं इंजिन धडधडत होतं.

"पण कॅन्सर झालेला नव्हता. पुढे झाला असता. जिथं कापलं त्या दोन्ही कडा स्वच्छ आहेत. बिघडलेला भाग सगळा पिशवीबरोबर निघालाय. ठरल्या वेळी तपासणीला यायचं, ते कायमचं, विसरायचं नाही. बाकी तुम्ही बऱ्या आहात. मावशींना सांगा, अर्धी ठेवली असती तर हे आत राहिलं असतं."

चंदर ओक्साबोक्शी रडायला लागला. मी त्याच्या केसात हात घातला. रडू मला पण आलं, पण आधी मी एक शिट्टी मारली. लग्नाआधी मारायचे तशी, दोन बोटं तोंडात घालून. टाका असा दुखला की काय सांगू.

आणि मग जयंती हळूच म्हणाली, "मथुराबाय..."

आम्ही वळून बघितलं. आय तशीच बसली होती, दोन बोटं जिताड्याच्या पोटात. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि बोटांवरून हिरवं. पित्त फुटलं होतं. आमच्या आयच्या हातून.

"राहू दे बाय," जयंती म्हणाली. "मांजरींना टाकू, मी उद्या दुसरा आणते."

"गप गो," आय म्हणाली. नाक ओढलं, उठली आणि मासा नळाखाली धरला. डाग पडलेला भाग कापून काढला. पोटात मीठ भरून चोळलं, परत धुतलं, परत चोळलं, परत धुतलं. आम्ही बघत राहिलो. ह्या घरात पित्त फुटलेला मासा धुताना कुणी कधी बघितला नव्हता. मग तिनं चूल पेटवावी तसा गॅस भसकन पेटवला आणि कालवण टाकलं, आंबट, पातळ, तिखट नावापुरतं.

सगळे एकत्र बसलो. आयनं पहिला तुकडा माझ्या ताटात वाढला, पोटाकडचा. किती दिवसांनी मासळी! मी भात कालवला, घास घेतला. चंदरनं पण घेतला. तो चावता चावता थांबला, माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घालून गिळला. जयंती पाण्याचा पेला शोधायला लागली.

आय कुणाकडे न बघता म्हणाली, "कडू हाय?"

"कडू हाय," मी म्हटलं. "वाढ अजून."